ट्योर्बेलच्या गाई: एका स्विस डोंगरगावातल्या सामायिक कुरणाचं प्रकरण

झरमॅटला मॅटरहॉर्न बघायला जाणारी आपली मंडळी विस्पला गाडी बदलतात, तिथून छोटी डोंगरी रेल्वे दरीत शिरते आणि थोड्या वेळात श्टाल्डन नावाचं स्टेशन लागतं. तिथे बहुतेक जण खिडकीतून नदी बघत असतात किंवा डब्यातून चिवडा फिरत असतो. त्या स्टेशनच्या उजव्या अंगाला डोंगरावर, साधारण 1500 मीटर उंचीवर ट्योर्बेल नावाचं गाव आहे. वस्ती पाचशेच्या आसपास. तिथले लोक आपल्या बोलीत त्याला टेर्बिल म्हणतात. गावात उतरून फोटो काढावा असं जगप्रसिद्ध काहीच नाही, पण अर्थशास्त्रात आणि पर्यावरणाच्या अभ्यासात जी गावं परत परत चर्चेला येतात त्यात हे एक आहे, आणि त्याला कारण म्हणजे तिथल्या गाई. म्हणजे खरं तर गाई नाही, गाई मोजायची पद्धत.

प्रकरण असं आहे. 1968 मध्ये गॅरेट हार्डिन नावाच्या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला, त्यात त्याने एक कुरण कल्पलं, सगळ्यांना खुलं. प्रत्येक गुराख्याला वाटतं अजून एक जनावर सोडू, फायदा माझा एकट्याचा आणि कुरणाचं नुकसान सगळ्यांत वाटलं जाणार, असं करत करत कुरण उजाड. आपल्याकडच्या गायरानाची अवस्था बघितलेल्या माणसाला हे लगेच पटतं, त्यामुळे लेख भयंकर गाजला आणि उपाय दोनच उरले असं लोक म्हणायला लागले, एक तर सरकारने ताब्यात घ्या नाहीतर खाजगी करून टाका. पण ट्योर्बेलचं डोंगरावरचं कुरण किमान पाच शतकं सामायिक होतं, गाई घराघरांच्या स्वतःच्या होत्या, माणसं आपल्यासारखीच हावरट होती, आणि तरी कुरण टिकलं. का?

याचं उत्तर शोधायला रॉबर्ट नेटिंग नावाचा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ 1970 च्या दशकात तिथे जाऊन राहिला. आधी त्याने नायजेरियातल्या कोफ्यार शेतकऱ्यांचा अभ्यास केलेला, त्यामुळे डोंगरउतारावरची छोटी शेती त्याला नवीन नव्हती. ट्योर्बेलमध्ये त्याला खजिनाच मिळाला, चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या, जमिनीचे जुने कागद अगदी 1224 पासूनचे, आणि गावाने स्वतः लिहून ठेवलेले नियम. पुढे एलिनॉर ओस्ट्रॉम या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ बाईने 1990 मध्ये सामायिक संसाधनांवर जी मांडणी केली त्यात नेटिंगचं हे गाव अगदी पहिल्या उदाहरणांमध्ये घेतलं, आणि 2009 मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणारी ती पहिली बाई. तेव्हापासून ट्योर्बेल हे गाव सगळ्यांच्या पीपीटीत.

आता माझी तक्रार अशी की पीपीटीत हे प्रकरण फार गोड करून सांगतात. गावाची एकी, निसर्गाशी नातं, पूर्वजांचं शहाणपण वगैरे. कागद बघितले तर तिथे एकीपेक्षा संशय जास्त दिसतो, आणि तो संशय त्या लोकांनी कामाला लावला होता, मला त्यातच खरी गंमत वाटते.

आधी जागा समजून घेऊ. आल्प्स म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ओलं हिरवंगार काहीतरी येतं, पण ही दरी स्वित्झर्लंडमधल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी आहे, चारी बाजूंनी उंच डोंगर ढग अडवतात आणि श्टाल्डनच्या परिसरात वर्षाला पाऊस पडतो 550 मिलीमीटरच्या आसपास. म्हणजे आपल्या माण-खटावच्या माणसाला आकडा ओळखीचा वाटेल. बर्फ वितळून येणारं पाणी आहे म्हणून निभावतं, आणि ते पाणी पाट काढून आणावं लागतं, कड्याच्या पोटातून, लाकडी पन्हाळी टांगून. ही दरी ज्या व्हॅले प्रांतात आहे तिथले हे पाट प्रसिद्ध आहेत आणि 2023 मध्ये युनेस्कोने युरोपातल्या पारंपरिक सिंचनाला वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा स्वित्झर्लंड त्यात होता.

एका घराची मालमत्ता सगळ्या डोंगरभर विखुरलेली असायची. खाली उष्ण उतारावर द्राक्षाचा तुकडा, गावाजवळ राय या धान्याची पट्टी आणि भाजीचा वाफा, इकडे तिकडे गवताची कुरणं, त्यात लाकडी गोठे, त्यावर जंगल आणि सगळ्यात वर, झाडं संपतात तिथे, उन्हाळी चराईचं मोठं सामायिक कुरण. घरातली माणसं वर्षभर वर-खाली करत असायची. धान्य ठेवायच्या लाकडी कोठारांच्या खांबांवर सपाट दगडी चकत्या, उंदीर चढू नयेत म्हणून. ब्रेड भाजायला गावाची सामायिक भट्टी, वर्षातून मोजक्या वेळा पेटायची, तो रायचा पाव महिनोनमहिने टिकायचा, म्हणजे दगडासारखा व्हायचा असंच म्हणा.

आणि वाटण्या. मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना सारखा हिस्सा. हे वाचायला छान वाटतं पण पाच पिढ्या असं केलं की काय होतं ते आपल्या सातबाऱ्यावर नावं वाचणाऱ्याला सांगायला नको, शेताचे रुमाल होतात. तिथेही झाले. कोठारात, गोठ्यात, घराच्या मजल्यातसुद्धा हिस्से. म्हणजे हे गाव काही साम्यवादी वगैरे नव्हतं, खाजगी मालकी अगदी टोकाला गेलेली, आणि तेच लोक डोंगरावरचं कुरण, जंगल, पडीक जमीन, पाट आणि वाटा मात्र एकत्र ठेवत होते. हेच नेटिंगला खटकलं. त्याने शोधलं की काय खाजगी आणि काय सामायिक याच्यामागे एक हिशोब आहे. जिथे एकरी उत्पन्न चांगलं येतं, खत घातलं कष्ट केले तर वाढतं, दरवर्षी भरवशाचं येतं, ती जमीन खाजगी. जिथे उत्पन्न कमी, बेभरवशाचं, कितीही मेहनत केली तरी फार वाढत नाही, जागा मात्र प्रचंड लागते आणि रस्ते-पाट-कुंपण करायला बरीच माणसं लागतात, ते सामायिक. वरचं कुरण शंभर घरांत वाटलं असतं तर एखाद्याच्या पट्ट्यात जुलैपर्यंत बर्फ राहिला असता आणि दुसऱ्याच्या पट्ट्यात पाणीच नसतं. शिवाय प्रत्येकाने आपला एक गुराखी वर पाठवायचा का? त्यापेक्षा सगळ्यांचे मिळून दोन-चार पगारी गुराखी आणि चीज करणारा माणूस ठेवणं स्वस्त, आणि खाली घरातले सगळे हात गवत कापायला मोकळे.

1 फेब्रुवारी 1483 ला ट्योर्बेलच्या लोकांनी कुरण, जंगल आणि पडीक जमिनीच्या वापरासाठी रीतसर संघ केला, कागदावर सह्या वगैरे सगळं. मग 1517 च्या नियमांत ते प्रसिद्ध वाक्य येतं: हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील त्यापेक्षा जास्त गाई कोणी वरच्या कुरणात पाठवायच्या नाहीत. जास्त पाठवल्या तर दंड, आणि दंड चांगला जड.

हा नियम पहिल्यांदा वाचला की साधा वाटतो. पण नीट बघा त्यात काय काय झालंय. कुरणावर किती गाई चरू शकतात हे वर जाऊन मोजायचं म्हटलं तर भांडणं कधी संपणार नाहीत, यंदा गवत चांगलं आहे, नाही नाही कमी आहे, तुझी गाय जास्त खाते. यांनी मोजायची जागाच बदलली. मोजमाप वर कुरणात नाही, खाली गोठ्यात. तुझ्या स्वतःच्या कुरणातून यंदा किती गवत कापलं, किती गंजी लागल्या, त्यावर हिवाळाभर किती जनावरं जगतील. तिथला हिवाळा म्हणजे जनावर महिनोनमहिने गोठ्यात बंद, बाहेर एक काडी मिळत नाही, त्यामुळे खोटं बोलून गाय जगत नाही. आणि गाव एवढंसं, कोणाच्या गोठ्यात किती गाई बांधल्यात हे शेजारच्या म्हातारीला तुमच्याआधी माहीत असायचं. वसंतात कोणी बाजारातून स्वस्तात चार गाई आणून उन्हाळाभर फुकट चारून शरदात विकायच्या असा धंदा करायला गेला तर पहिल्याच दिवशी पकडला जाणार. म्हणजे तपासायचा खर्च जवळजवळ शून्य. मला विचाराल तर ट्योर्बेलची सगळी कमाल इथे आहे, बाकीचं नंतर.

दुसरं म्हणजे खाजगी जमिनीची मर्यादा आपोआप सामायिक जमिनीची मर्यादा झाली. गावच्या कापणीच्या कुरणांचं क्षेत्र काही वाढत नव्हतं, पाणी ठरलेलं, म्हणून गवत ठरलेलं, म्हणून वरच्या गाईही ठरलेल्या. ज्याची जमीन जास्त त्याच्या गाई जास्त. हो, यात समानता नाही. श्रीमंताला जास्त मिळतं आणि गरिबाला कमी, आणि नियम ते लपवत नाही. पण श्रीमंतालाही अमर्याद नाही, एवढंच.

नियम मोडणाऱ्याला पकडायचं कोणी? गावाने एक अधिकारी नेमलेला असायचा, दंड करायचा अधिकार त्याला, आणि वसूल केलेल्या दंडातला अर्धा भाग त्याचा स्वतःचा. आपल्याकडे हीच टक्केवारी टेबलाखालून चालते, यांनी ती नियमातच लिहून टाकली. त्यामुळे ओळखीच्या माणसाला सोडून देणं त्याला परवडायचं नाही. आणि एक लक्षात घ्या, गुन्हेगार पकडला जाईल याची बाकीच्यांना खात्री असली की तेही नियम पाळतात, मीच एकटा शहाणपणा का करू हा प्रश्न येत नाही.

उन्हाळ्यात वर सगळ्यांच्या गाईंचं दूध एकत्र, चीज एकत्र, मग वाटप कसं? ज्याच्या गाईंनी जितकं दूध दिलं त्या प्रमाणात चीज. शरदात कळप खाली उतरायचा तेव्हा हिशोब व्हायचा. संघाची वर्षातून एक सभा, तिथे पदाधिकारी निवडायचे, ते गुराखी ठरवणार, वरच्या कुरणात शेण नीट पसरवलं जातं का बघणार, वाटा आणि भिंती दुरुस्तीच्या कामाचे दिवस लावणार. ज्याच्या गाई वर त्याने कामाला माणूस द्यायचाच. आपण ज्याला श्रमदान म्हणतो तसं, फक्त दान नाही, उधारी.

लाकडाचा हिशोब तर अजून मजेशीर आहे. जंगलात कोणती झाडं तोडायची हे गावाच्या वतीने खूण करून ठरायचं. मग ज्या घरांचा हक्क आहे त्यांची माणसं टोळ्या करून एकत्र झाडं पाडायची, लाकडाचे सारखे ढीग रचायचे, आणि मग कोणता ढीग कोणाचा ते चिठ्ठ्या टाकून. ढीग रचताना तुम्हाला माहीत नाही तुमच्या वाट्याला कोणता येणार, म्हणून सगळे ढीग झक मारत सारखे रचले जातात. वर्षाच्या इतर दिवसांत झाड तोडायला बंदी. भावाभावांच्या वाटणीत आपल्याकडे जुनी माणसं सांगायची ना, एकाने वाटे करायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, तीच अक्कल.

इथपर्यंत सगळं छानच. आता जी बाजू पीपीटीत येत नाही ती.

1483 च्या त्याच कागदात स्पष्ट लिहिलंय की बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली तरी त्याला कुरणावर, सामायिक जमिनीवर किंवा लाकडावर हक्क मिळणार नाही. जमीन एक गोष्ट, हक्क वेगळी गोष्ट. हक्क गावच्या नागरिकांचा, आणि नवीन माणसाला नागरिक करायचं का हे जुने नागरिक ठरवणार. म्हणजे दार आतून बंद. कुरण टिकण्याचं हे तितकंच मोठं कारण आहे, किती घरं वाटेकरी असणार हे ठरलेलं असल्याशिवाय गाई मोजून काही उपयोग नव्हता. हार्डिनचं कल्पित कुरण सगळ्यांना खुलं होतं, ट्योर्बेलचं कधीच खुलं नव्हतं, आणि खुलं आणि सामायिक यातला फरक हाच ओस्ट्रॉमच्या युक्तिवादाचा पाया झाला. बाहेरच्या माणसाच्या नजरेतून मात्र ही बंद टोळी होती.

आणि आतल्या माणसांनीही किंमत मोजली. नेटिंगने चर्चच्या वह्यांतून घराणी जोडली तेव्हा दिसलं की लोकसंख्या काबूत राहिली ती उशिरा लग्नं, बरेच जण आयुष्यभर अविवाहित, आणि गाव सोडून जाणारे यांच्यामुळे. वाट्याला आलेल्या रुमालांवर चूल मांडता येत नाही म्हणून थांबायचं, आई-बापाची जमीन हातात येईपर्यंत थांबायचं, काहींचं थांबणं कधी संपलंच नाही, भावाच्या घरात काका म्हणून राबायचं. बटाटा आल्यावर परिस्थिती जरा सैल झाली आणि एकोणिसाव्या शतकात तोंडं वाढली, तेव्हा बाहेर जाणंही वाढलं. व्हॅलेच्या या वरच्या भागातून लोक अर्जेंटिनापर्यंत गेले, सान्ता फे प्रांतातलं सान हेरोनिमो नोर्ते हे गाव 1858 मध्ये इथल्याच लोकांनी वसवलं. त्यात 1855 चा विस्पचा भूकंप, त्या शतकातला स्वित्झर्लंडमधला सगळ्यात मोठा, या दरीतल्या गावांना चांगलाच हादरवून गेला. म्हणजे कुरणाचा समतोल राहिला, पण तो राखायला गावाने आपली जादाची पोरं बाहेर ढकलली, हेही त्याच हिशोबात धरायला पाहिजे.

बायकांचं काय? हिस्सा सारखा मिळायचा पण गावचं नागरिकत्व बापाकडून चालायचं आणि सभेत हात वर करणारे पुरुष. हे फक्त ट्योर्बेलचं नाही, सगळ्या देशाचंच, स्विस बायकांना देशपातळीवर मतदानाचा हक्क 1971 मध्ये मिळाला, आपल्यानंतर कितीतरी वर्षांनी. गंमत म्हणजे त्याविरुद्धचं एक गाजलेलं बंड याच परिसरातलं. मूसआल्प नावाच्या कुरणाच्या पलीकडच्या बाजूला ब्युर्शेन आणि त्याला लागून उंटरबेख. या उंटरबेखच्या ग्रामपंचायतीने 3 मार्च 1957 ला बायकांना मतदान करू दिलं. विषय असा की बायकांना नागरी संरक्षणाची सेवा सक्तीची करायची का, आणि त्यावर मत फक्त पुरुषांचं! 33 बायकांनी मत टाकलं, वेगळ्या पेटीत, ती मतं मोजली गेली नाहीत. पण टाकली. जुन्या वळणाच्या कॅथलिक डोंगरगावातून हे व्हावं याचं शहरवाल्यांना आश्चर्य वाटलं, मला फारसं वाटत नाही, पाचशे वर्षं सभा घेऊन स्वतःचे नियम स्वतः लिहिणाऱ्या मुलखात कोणीतरी कधीतरी नियमाच्या शब्दाला शब्द लावणारच.

मग गाई मोजायचा तो जुना नियम कशाने बदलला? कुरण उजाड झालं म्हणून नाही, गाईंची गरजच कमी झाली म्हणून. 1890-91 मध्ये विस्पहून झरमॅटपर्यंत रेल्वे झाली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोन्झा कंपनीचा रासायनिक कारखाना विस्पला आला, तोच लोन्झा जिथे 2021 मध्ये मॉडर्नाच्या कोविड लशीचा मुख्य घटक बनत होता. वरच्या गावांतले पुरुष पाळीवर खाली जायला लागले आणि सकाळ-संध्याकाळ दोन गाई, चार काळ्या नाकाच्या मेंढ्या सांभाळायला लागले, अर्धे कामगार अर्धे शेतकरी. पगार येतोय म्हटल्यावर राय कोण पेरणार, पट्ट्या गवताखाली गेल्या. आणि एकदा वैरण ट्रकने विकत आणता येते म्हटल्यावर हिवाळ्याच्या गंजीचं माप ढिलं पडतंच, कारण त्या मापात गृहीत होतं की गवत फक्त तुझ्या स्वतःच्या जमिनीतून येणार. अशा गावांपुढचा प्रश्न आज गाई जास्त झाल्या हा नाही, उलट वरची कुरणं चरायला पुरेशी जनावरं नाहीत, मग झुडपं वाढतात आणि जंगल वर सरकतं.

स्विस सरकार आज उन्हाळी चराईला अनुदान देतं, त्याचं एकक आहे नॉर्मलश्टॉस, म्हणजे एक मोठं जनावर 100 दिवस. प्रत्येक कुरणाला किती नॉर्मलश्टॉस ते ठरवून दिलेलं, त्यापेक्षा फार जास्त सोडली तर पैसे कापतात आणि फार कमी सोडली तरी कापतात. 1517 वाल्यांना पहिला भाग लगेच कळला असता, दुसरा वाचून ते हसले असते.

दाराचंही तसंच उलटं झालं. याच प्रांतातलं आल्बिनेन, तेही डोंगरावरचं, रिकामं होत चाललेलं गाव, त्याच्या गावसभेने 2017 मध्ये ठरवलं की बाहेरून येऊन राहणाऱ्या 45 च्या आतल्या माणसाला 25,000 फ्रँक द्यायचे, प्रत्येक मुलामागे 10,000. आपल्याकडे ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, स्वित्झर्लंडमध्ये राहायला जा आणि वर पैसे घ्या म्हणून. अटी कोणी फॉरवर्ड केल्या नाहीत: किमान 2 लाख फ्रँकचं घर घ्यायचं किंवा बांधायचं, दहा वर्षं राहायचं, नाहीतर पैसे परत, आणि परदेशी असाल तर कायम वास्तव्याचा परवाना आधी हवा. थोडक्यात सदस्य निवडायचा हक्क गावाने सोडलेला नाही, फक्त भाव बदललाय.

आपल्याकडे सामायिक संसाधनांच्या बैठकीत कोणी ट्योर्बेलचं नाव घेतलं की मी एकच विचारतो, तुमच्या गायरानात गंजीच्या जागी काय आहे? म्हणजे अशी कोणती गोष्ट आहे जी शेजाऱ्याला येता-जाता दिसते, खोटी करता येत नाही आणि जिच्यावरून प्रत्येकाचा वाटा ठरवता येतो? बहुतेक वेळा समिती दाखवतात, ठराव दाखवतात, रंगवलेला बोर्ड दाखवतात. विहिरीच्या पाण्याची पातळी रोज चावडीवर लिहिणारं गाव असेल तर गोष्ट वेगळी, तिथे निदान बोलायला सुरुवात करता येते.